कातळातून उठणाऱ्या प्राण्यांना नावं काय द्यायची? (आमच्या ग्रुपवरची चर्चा)

ए-३०२, ताई: नमस्कार, टँकरचं बोलणं झालं असेल तर एक विचारू का. बिल्डिंगमधली पोरं सुट्टीत एक पत्त्यांचा गेम बनवतायत, त्यात आपण पत्ता टाकून हाक मारायची की सड्यावरच्या (कोकणातल्या कातळाच्या पठारावरच्या) कातळशिल्पातला प्राणी उठतो आणि आपल्या बाजूने लढायला येतो. चित्रं फार सुंदर काढलीत, नियमपण ठरलेत, सगळं अडलंय नावांवर. आत्तापर्यंतची नावं म्हणजे ड्रॅगोथॉर, शॅडोरेक्स, झायफॉन असली. रत्नागिरीच्या कातळातून उठणाऱ्याचं नाव झायफॉन कसं असेल हो? सुचवा प्लीज.

सी-१०१, दादा: ताई मोठ्या गेम्सवाल्यांनी बरीचशी नावं जुन्या कथांमधूनच उचललीत. फायनल फँटसी ३, १९९० चा जपानी व्हिडिओ गेम, त्यात पहिल्यांदा असे बोलावून आणायचे प्राणी आले, इफ्रीत, ओडिन, लेव्हायथन, बहामुत. बहामुत खरा अरबी कथांमधला पृथ्वी पेलणारा प्रचंड मासा, डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळवाल्यांनी त्याचा ड्रॅगन केला आणि जपानी गेममध्येपण तो ड्रॅगनच. दुसरा रस्ता म्हणजे आवाज जोडायचे, पोकेमॉनमधल्या पिकाचूमध्ये पिका म्हणजे वीज चमकल्याचा आवाज आणि चू म्हणजे उंदराचा, झालं नाव.

सी-१०१, दादा: आणि हो, त्याच फायनल फँटसीत शिवा नावाची बर्फाची बाई आहे

बी-२०४, काकू: बाई?? शिवाचं नाव बर्फाच्या बाईला? हे मला नाही आवडलं. ज्याची रोज पूजा होते त्याचं नाव असं कुणालाही लावायचं नाही. त्यापेक्षा आपल्याकडे वेताळ आहे, देवचार आहे, मुंजा, खवीस, हडळ, चकवा, गिऱ्हा, आयती नावं आहेत की, तीच घ्या.

ए-१०४, आजोबा: गो बाय, चकवो नि खवीस घेवा हवे तर, पण वेताळाचा, म्हणजे आमच्या वेतोबाचा, नाव खेळात घालू नकात. आमच्या आरवलीच्या वेतोबाक लोक केळ्यांचे घड वाहतत, मोठी चामड्याची पायताणां वाहतत, तो रात्रीचो गावाची राखण करीत फिरता नि ती झिजतत अशी आमची श्रद्धा. त्येका पत्त्यार घालून उद्या कोण हरयल्यान तर माका बरा वाटाचा नाय. देवचाराचा पण तसाच, तो वाडीचो राखणदार.

बी-२०४, काकू: आजोबा बरोबर आहे तुमचं, माझ्या ध्यानातच आलं नाही

ए-३०२, ताई: आजोबा, मग कुणाचंच नाव घ्यायचं नाही हे पक्कं. मला तर वाटतं कातळशिल्पांची हीच गंमत आहे, त्यांना नावच नाहीत. कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब, आत ढीगभर दुसरे प्राणी कोरलेत, आणि ज्यांनी कोरले त्यांनी एक अक्षर मागे ठेवलं नाही. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत ही शिल्पं गेली तेव्हा सोबत गावांची नावं गेली, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, प्राण्यांचं कुणाचंच नाही. कधीतरी कुणीतरी त्या हत्तीला काहीतरी म्हणून हाक मारत असेलच ना, ते गेलं. आता पोरं नव्याने ठेवतायत तर ती नीट ठेवली जावीत, घाईत नको, एवढंच माझं म्हणणं.

बी-३०५, सर: उत्तम विषय. आवाजाबद्दल थोडं सांगतो. १९२९ मध्ये कोलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांना एक गोलमटोल आणि एक टोकदार आकृती दाखवून निरर्थक नावं जुळवायला लावली होती. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी तोच प्रयोग बूबा आणि किकी ही नावं घेऊन अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर आणि तमिळ बोलणाऱ्यांवर केला, ९५ टक्क्यांहून जास्त लोकांनी गोल आकृतीला बूबा म्हटलं आणि टोकदारला किकी. म्हणजे नाव कानावर पडलं की आकार डोळ्यासमोर येतो. हत्तीला ग, भ, म, ळ असे भरीव आवाज द्या, मुशीला (म्हणजे शार्कला) आणि गेंड्याला क, ट, ख. तुमचं झायफॉन कुठल्याही प्राण्याला लावा, चालेल, म्हणूनच ते कुणाचंच नाही.

सी-१०१, दादा: सर हे जबरदस्त आहे

बी-३०५, सर: आणखी एक. हे नाव हाक मारायचं आहे, नुसतं वाचायचं नाही. आपण मराठीत हाक मारताना रामाऽ, विठ्ठलाऽ असा शेवट लांबवतो, बाईमाणूस असेल तर सखेऽ. तेव्हा नाव लिहून बघू नका, गच्चीवर एका टोकाला एकजण, दुसऱ्या टोकाला दुसरा, वारा सुटलेला असताना ओरडून बघा. समोरच्याला पहिल्या हाकेत कळलं तर ठेवा.

ए-१०४, आजोबा: आमच्याकडे गाराणा घालतत तसा करा. आधी सीमेवरल्यांची नावां वळीन घेतत, मगे काय होया ता सांगतत, मगे सगळे व्हय म्हाराजा म्हणतत. नुसता नाव घेवन कोण येवचो नाय, कित्याक बोलावलंस ता सांगूक होया. आमचे शब्द घेव नकात, रीत घेवा.

ए-३०२, ताई: हे तर नियमातच घालायला पाहिजे! म्हणजे प्लेयरने नुसता पत्ता टाकून चालणार नाही, नाव, तो कुठल्या सड्यावरचा ते, आणि काम काय, हे तिन्ही बोलायचं आणि त्याच्या टीमने एका आवाजात होकार द्यायचा, होकार कमी पडला तर प्राणी अर्ध्या ताकदीने येणार. इजिप्तच्या कथेत इसिस रा देवाचं गुप्त नाव काढून घेते आणि त्याची ताकद तिच्या हातात येते, तसं एकाच नावावर सगळं ठेवायचं माझ्या मनात होतं, पण आजोबांची रीत जास्त चांगली आहे, त्यात मागणं पण आहे आणि सोबतची माणसं पण.

ए-३०२, ताई: संध्याकाळी गच्चीवर ट्राय केलं. हत्ती गुंभाळ. गुंभाळाऽ म्हणून ओरडलं की खाली पार्किंगपर्यंत जातं, वॉचमन दादा वर बघायला लागले. पाकटीला, म्हणजे त्या चपट्या माशाला, सरपाखी, ती पंख पसरून सरकत येते म्हणून, हाक सरपाखेऽ. मुशीला करकाट. गेंड्याला टोकेर ठेवलं होतं पण वाऱ्यात ते टोपी, टोपी असं ऐकू येत होतं म्हणून काढलं, आता खांडेर आहे.

बी-२०४, काकू: गुंभाळ मस्तच. माझ्या नातवाने दुपारपासून घर डोक्यावर घेतलंय.

सी-१०१, दादा: देवाचे गोठण्याला कोरलेल्या माणसाचं काय? त्याच्यापाशी होकायंत्र धड दिशा दाखवत नाही, सगळ्यात पॉवरफुल पत्ता तोच होणार

ए-३०२, ताई: पोरांचं म्हणणं त्याला नाव द्यायचंच नाही, त्यामुळे त्याला कुणी बोलावू शकत नाही. तो पत्ता गड्डीतून निघाला की पटावरच्या सगळ्या प्राण्यांच्या दिशा बदलतात आणि ज्याने त्याने आपापल्या प्राण्याला परत हाक मारायची. मला हे इतकं आवडलंय की मी एक शब्द बदलणार नाही.

ए-१०४, आजोबा: बरा केलात

बी-३०५, सर: मगरीचं राहिलं. आणि पत्त्यांवर नाव छापताना हाक पण खाली छापा, गुंभाळ आणि त्याखाली गुंभाळाऽ, नाहीतर नवीन मुलं चुकीचं ओरडतील.

ए-३०२, ताई: हो सर, छापते. मगरीसाठी नावं शनिवारपर्यंत पाठवा, सोमवारी बाजारात छपाईला देतेय. लिहून पाठवू नका, व्हॉइस नोट टाका.