४एल६०ई गिअरबॉक्स उघडलाय, बुश सगळे बदलू का झिजलेत तेवढेच?

ओहायोचा_बंड्या
मंडळी, २००२ ची सिल्व्हरॅडो आहे, ५.३ लिटर, गिअरबॉक्स ४एल६०ई. रिव्हर्स गेला, सोबत दुसरा आणि चौथा पण गेला, पहिला नि तिसरा मात्र ठणठणीत. दुकानवाले रिबिल्डचे जे पैसे सांगतायत ते ऐकून बॉक्स स्वतःच उतरवला आणि गॅरेजमध्ये टेबलावर पसरलाय. सन शेल (सन गिअर फिरवणारं पत्र्याचं भांडं) तुटलेलं निघालं, ते अपेक्षितच होतं. प्रश्न बुशांचा आहे, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या मऊ थराच्या धातूच्या कड्यांचा. पंपाचा बुश, म्हणजे ज्यात टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद तेलातून बॉक्सला देतो तो) हब फिरतो तो, एका बाजूला राखाडी थर जाऊन तांबूस दिसतोय आणि पुढचं ऑइल सील पण गळत होतं. टेल हाउसिंगमध्ये (बॉक्सच्या मागच्या टोकात) योक, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचं टोक, घालून हलवला की टकटक वाजतो. बाकीचे नजरेला बरे वाटतात. किटमध्ये सगळे आलेत, मग सगळे ठोकून काढू का? प्रेस नाहीये, व्हाइस आणि सॉकेट सेट आहे. आणि स्टेटरच्या नळीत (पंपाला जोडलेली, आत शाफ्ट फिरतो ती) आतला बुश काढायचा कसा, तिथे छिन्नी नीट धरताच येत नाही. बायकोची गाडी बाहेर बर्फात उभी आहे त्यामुळे जरा घाई आहे 😅

गाडी_एके_गाडी
कशाला एवढा उद्योग भाऊ, रीमॅन्युफॅक्चर्ड बॉक्स आण आणि मोकळा हो.

ह्यूस्टनकर
वरच्याचं ऐकू नकोस, निम्मं काम तर झालंय तुझं. तांबूस दिसला म्हणजे वरचा मऊ थर संपला, तो बुश गेलाच. पण माझ्या मते खरी गोष्ट ही की तो एकाच बाजूने गेलाय. फ्लेक्सप्लेट (इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी चकती) वाकली असती किंवा हब तिरका फिरत असता तर बुश गोल सगळीकडून खाल्ला गेला असता. एकाच बाजूला झिजलाय म्हणजे इंजिन आणि बॉक्सची सेंटरलाइन जुळत नाहीये. इंजिन ब्लॉकच्या मागे बॉक्स नेमका जागेवर बसवणाऱ्या दोन डॉवेल पिना असतात त्या आहेत का बघ आधी, कोणीतरी पूर्वी बॉक्स काढला असेल तर एखादी हरवलेली असते. ते न बघता नवा बुश घातलास तर तोही तसाच जाणार.

कुठले बदलायचे म्हणशील तर पंप, स्टेटरचे दोन्ही, रिव्हर्स इनपुट ड्रमचे आणि टेल हाउसिंग, हे डोळे झाकून बदल. लोकांना वाटतं बुश फक्त शाफ्ट धरून ठेवतो, पण ह्या बॉक्समध्ये तो तेलही अडवून धरतो. स्टेटरमधला ढिला झाला की कन्व्हर्टर आणि ल्युब्रिकेशनच्या लाइनचं प्रेशर तिथूनच पळतं. ड्रमचा ढिला झाला की ड्रम डुलतो आणि २-४ बँड (दुसऱ्या-चौथ्या गिअरला ड्रम आवळून धरणारा पट्टा) एकाच कडेने घासत राहतो. केसमधला मागचा आणि सन गिअरचे मात्र शाफ्ट घालून प्ले (ढिलेपणा) बघ, चांगले असतील तर हात लावू नकोस. आणि गाडीच्या कॉम्प्युटरचा पी१८७० हा बिघाडाचा कोड येत असेल तर त्याचं खापर बुशांवर फोडू नकोस, तिथे बहुतेक वेळा व्हॉल्व्ह बॉडीतल्या टीसीसी (टॉर्क कन्व्हर्टर क्लच) व्हॉल्व्हचा बोर झिजलेला असतो.

भोसरी_टूलरूम
गिअरबॉक्स हा माझा विषय नाही, पण बुश आयुष्यभर बसवलेत म्हणून लिहितो. काढायच्या आधी प्रत्येक बुश तोंडापासून किती आत आहे ते व्हर्नियरच्या डेप्थने मोजून लिहून ठेवा, तेलाचं भोक आणि जोड कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो काढा. बुश एक सूत जरी जास्त आत गेला तरी तेलाचं भोक बंद होऊ शकतं.

स्टेटरमधल्यासाठी मापाचा मोठा टॅप (आटे पाडायचं हत्यार) त्या बुशात आटे पाडत घट्ट होईपर्यंत फिरवा, मग नळीच्या दुसऱ्या टोकाने जाड रॉड घालून टॅपच्या टोकावर ठोका, टॅपसकट बुश बाहेर येतो. टॅप कडक असतो, तुकडा उडू शकतो, चष्मा घाला. बाकी ठिकाणी बारीक छिन्नीने जोडावर आत मोडला की सुटतो, फक्त बोरला ओरखडा नको.

बसवायला प्रेस नसेल तरी चालतंय. आटेवाला रॉड, जाड वॉशर आणि बुशाच्या बाहेरच्या मापापेक्षा किंचित लहान सॉकेट, नट आवळत सरळ ओढून घ्यायचा. बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, टेल हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे ते हीट गनने गरम करा, अर्ध काम तिथेच होतंय. बुश दाबून बसला की आतलं माप थोडं कमी होतं, त्यामुळे मोजायचं ते बसवल्यानंतर. मी असल्या कामात दोन-तीन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) क्लिअरन्स धरतो, तरी तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तेच खरं. शाफ्ट हाताने फिरला पाहिजे. टाइट वाटला म्हणून पॉलिश पेपर मारू नका, त्याचे कण त्या मऊ थरात रुतून बसतात आणि मग शाफ्टलाच घासत राहतात.

ओहायोचा_बंड्या
काका, टॅपची आयडिया चालली, मस्त निघाला! आणि @ह्यूस्टनकर, टॉर्च मारून बघितलं, एका बाजूची डॉवेल खरंच गायब आहे, भोक रिकामं. आता कन्व्हर्टरच्या हबवर एक रेघ पडलीय, नख अडकतं. ६०० नंबरच्या पेपरने घासून चालेल का?

ह्यूस्टनकर
नख अडकतंय तर नाही. सील त्याच रेघेवर बसेल आणि पुन्हा गळेल. शिवाय सन शेलचा चुरा त्या कन्व्हर्टरमध्ये गेलेला आहे, तो काही धुऊन निघत नाही, तसाही नवाच घ्यावा लागला असता. कूलरची लाइन पण फ्लश कर.

पंपाचा बुश मात्र नुसता दाबून सोडू नकोस. ह्या बॉक्समध्ये तो सरकत पुढे येतो आणि सीललाच बाहेर ढकलतो. बाहेरून ग्रीन लॉकटाइट (दाबून बसवलेले भाग धरून ठेवणारा गोंद) लाव आणि बसल्यावर सेंटर पंचने कडेला स्टेक कर, म्हणजे ठोकून खाच पाडून अडकव.

भोसरी_टूलरूम
लॉकटाइट एकदम पातळ लावा हो, आणि दोन्हीकडून तेल-ग्रीस पुसून. जास्त झालं की ते तेलाच्या भोकात जाऊन बसतं. स्टेक करताना पंच हलक्या हाताने मारा, नाहीतर आतलं माप बिघडेल, आणि मारून झालं की शाफ्ट पुन्हा घालून बघा.

ओहायोचा_बंड्या
ओके. डॉवेल आणि कन्व्हर्टर दोन्ही मागवतो. सीलच्या मागे तेल परत जायचं जे भोक असतं ते पण काळ्या चिकट गाळाने भरलेलं होतं, ते तारेने साफ केलंय.