मदत हवी आहे: रोज मसूर डाळ खाऊनही पप्पांची शुगर उतरत नाही

जळगावची_लेक
नमस्कार, जरा लवकर सांगा कोणीतरी. पप्पांचं एचबीएवनसी (शुगरची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) ६.३ आलंय, डॉक्टर म्हणाले गोळी आत्ताच नको, आधी डाळी-कडधान्यं वाढवा, वजन उतरवा. तेव्हापासून घरात दोन्ही वेळेला मसूर डाळ चालू आहे, आई करून करून कंटाळली. तरी जेवणानंतरची शुगर जिथल्या तिथे आणि पोट फुगतं ते वेगळंच. मसूर बंद करून मूग चालू करू का? "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहू नका प्लीज, विचारलंय, पुढची तारीख लांब आहे.

तापीकाठ
वय? गोळ्या कुठल्या चालू आहेत? शुगर जेवणानंतर किती वेळाने मोजता? आणि डाळीबरोबर काय काय खातात ते लिहा.

मेथीवाला_काका
मेथीदाणे रात्री भिजवा, सकाळी चावून खा, पाणी पण प्या. आमच्या व्याह्यांची शुगर एकदम नॉर्मल झाली. डाळीबिळीच्या नादी लागू नका.

जळगावची_लेक
वय ५८, बीपीची गोळी आहे. मशीन घरीच आहे, जेवण झालं की मोजतो. जेवण नेहमीचंच.

तापीकाठ
ताई, नेहमीचंच म्हणजे काय? आमच्याकडे नेहमीचं म्हणजे शेवभाजी.

धुयानाभाऊ
मी काय म्हनस, भात कितला खातस ते पहिले सांगा. मसूर आपलं खानं नहीच शे. कळणानी (ज्वारी-उडीदना पीठनी) भाकर नी ठेचा खावा, कोनले शुगर नही व्हत.

जळगावची_लेक
तीन पोळ्या, भाजी, मग भात आणि त्यावर मसूर. आधी तूर होती आता मसूर, बाकी काही बदललं नाही. रविवारी वरणबट्टी असतेच. आता सांगाल का मूग की मसूर?

पॅथलॅब_चाळीसगाव
मूग की मसूर हा प्रश्नच नाही ताई. तुम्ही डाळ बदलली, पोळी-भात तेवढाच ठेवला, मग शुगर कशाला उतरेल? कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठात हेच तपासलं होतं. निरोगी लोकांना नुसता भात दिला आणि दुसऱ्या वेळी अर्धा भात काढून तिथे मसूर दिला, तर रक्तातली साखर २० टक्क्यांपर्यंत कमी चढली, बटाट्याच्या बाबतीत ३५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे भाताची जागा मसुराने घ्यायची, भाताच्या वर मसूर ओतायचा नाही. दुसरं, आई बहुतेक लाल डाळ करत असणार, ती साल काढलेली असते आणि शिजून पातळ होते. सालासकट अख्खा मसूर करा, घट्टसर, त्यात फायबर जास्त. ते फायबर आतड्यातले जिवाणू आंबवतात, म्हणून सकाळी कडधान्य खाल्लं तर पुढच्या जेवणाची शुगरही जरा कमी चढते. आणि मोजायचं पहिल्या घासापासून दोन तासांनी, ताटावरून उठल्या उठल्या मोजून काय कळणार. एचबीएवनसी तर दोन-तीन महिन्यांची सरासरी असते, ती आठवड्यात हलत नाही.

मेथीवाला_काका
कॅनडाचं कॅनडात. आपली प्रकृती वेगळी.

पॅथलॅब_चाळीसगाव
काका, बाजारातला बराचसा मसूरही कॅनडातूनच येतो.

रावेरची_सून
आमच्या सासऱ्यांना डाळीने युरिक ॲसिड वाढलं, अंगठा सुजला. रोज डाळ अजिबात नको!!

पॅथलॅब_चाळीसगाव
मटण, कलेजी, दारू यांनी गाऊट (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा आजार) वाढतो, डाळींचा तसा संबंध सापडलेला नाही. सासरे आणखी काय घेतात ते विचारा.

रावेरची_सून
आमचे सासरे माळकरी आहेत. तोंड सांभाळून लिहा.

तापीकाठ
भांडू नका. ताई, बीपीची गोळी टेल्मिसार्टन वगैरे असेल तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि पोटॅशियम एकदा बघून घ्या. त्या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं, डाळीतही ते असतं. किडनी ठीक असेल तर घाबरायचं कारण नाही. पोट फुगतं त्यावर: अख्खा मसूर रात्री भिजवा, ते पाणी फेका, हिंग घाला, सुरुवातीला एकाच वेळेला आणि छोटी वाटीच द्या.

धुयानाभाऊ
कळणानं कोनीच नही बोलनं. किलोभर ज्वारीले पावशेर अख्खा उडीद, मीठ टाकीसन दळी आना. डाळ भाकरीमाच उनी ना!

पॅथलॅब_चाळीसगाव
भाऊ, कळणा चांगलाच आहे, पण चार भाकरी हाणल्या तर ज्वारी ती ज्वारीच.

धुयानाभाऊ
चार कोन खास? मी तीन खास.

डाळमिल_रोड
जळगावात राहून डाळ किराणा दुकानातून कशाला घेता, एमआयडीसीत मिलवाल्याकडून पोतं घ्या. तुरीला यंदा काय भाव चाललाय कुणाला माहीत आहे का?

जळगावची_लेक
भाव नंतर. क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट सापडला, १.० आहे. गोळी टेल्मिसार्टनच आहे, पोटॅशियम उद्या करते. अख्खा मसूर भिजत घातलाय. पप्पांना सांगितलं तर म्हणतात भात सोडतो, एक पोळीही सोडतो, पण रविवारची बट्टी सोडणार नाही. बट्टीच्या पिठात मसुराचं पीठ मिसळलं तर जमेल का?

तापीकाठ
थोडं मिसळून बघा, पण बट्ट्या किती खातात आणि तळलेल्या की भाजलेल्या ते सांगा आधी.

रावेरची_सून
बट्टी खुसखुशीत हवी तर जाडसर पीठ, ओवा, मोहन कडकडीत, वाफवून कापायची आणि मग तळायची. वरून तूप सढळ हाताने.

पॅथलॅब_चाळीसगाव
अहो, त्यांच्या पप्पांना शुगर आहे!

रावेरची_सून
मग तूप कमी घाला.