१९८२ पासून घरात असलेली एमजीबी विकायची आहे, आधी रंग मारावा का?

राजारामपुरीची_लेक
नमस्कार मंडळी. आमच्या आण्णांची १९६५ ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे ब्रिटिश बनावटीची दोन सीटची उघडी गाडी, १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, तारांची चाकं. १९८२ ला मुंबईहून आणली, तेव्हापासून आण्णांच्याच नावावर. आता ते ७८ चे आहेत, गुडघे गेलेत, एवढ्या खालच्या सीटवर बसता येतंय पण उठताना दोघांनी धरायला लागतंय, म्हणून परवा स्वतःच म्हणाले की बघा कोणतरी, नुसती उभी करून कुजवू नका तिला.

अवस्था खरी सांगते. बॉनेटवरचा लाल रंग उन्हानं फिका पडलाय, टप दोन ठिकाणी फाटलाय, ड्रायव्हरच्या दाराखालचा पत्रा फुगलाय. १९९४ ला हेड गॅस्केट गेलं तेव्हा उद्यमनगरात हेड घासून सपाट केलं (फेसिंग), किंगपिनचे बुश पण तिथंच लेथवर करून घेतलेत. चोक ओढला की दुसऱ्या सेल्फला चालू होते.

आणि तीन वह्या आहेत. लाल कापडी बांधणीच्या, दुकानात हिशेबाला असतात तसल्या. प्रत्येक पेट्रोल, प्रत्येक ग्रीसिंग, मीटरचे मैल, सगळं आण्णांच्या अक्षरात. एका जुलैच्या पानावर नुसतं एवढंच आहे, ‘वाघबीळला वायपर बंद. हातानं काच पुसत घरी.’

एक एजंट म्हणतोय फुल डेंटिंग-पेंटिंग करा, सीट नव्या करा, दुप्पट किंमत देतो. खर्च आमचा. आण्णा म्हणतात हात लावायचा नाही. मला काही सुचेना झालंय.

लेथवाला_०९
ताई, आण्णांचं ऐका. ताजा रंग दिसला की जाणकार माणूस आधी हेच विचारणार, खाली काय झाकलंय? या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसते, बॉडीच सगळं पेलते आणि दाराखालच्या आडव्या पट्टीवर, म्हणजे सिलवर लई भार असतोय, तुमचा पत्रा फुगलाय तो नेमका तिथंच. गाडी जॅकवर घ्या आणि दार उघडून-लावून बघा, फट बदलली किंवा दार घासलं तर सिल कमजोर. चुंबक पण फिरवा, पुट्टी असेल तिथं धरत नाही.
अजून एक, ६५ ची म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली), आणि सीटमागं ६-६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. बघायला आलेला कोणतरी घाईत उलटी वायर लावून बसेल, झाकणावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा.

हेराल्ड_सांगली
रंगापेक्षा कागद बघा. चेसिस नंबर जीएचएन३ नं सुरू होतोय का, इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळतोय का. २०२१ च्या केंद्राच्या नियमात ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला २०,००० फी, १० वर्षं चालते, आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. पण मग रोजची फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. घेणाऱ्याला हे आधी सांगा.
गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर आण्णांची सही आत्ताच, त्यांच्या हातानं होऊ दे. आणि ट्रान्सफर झाल्याशिवाय चावी देऊ नका. मी माझी जुनी हेराल्ड गाडी विश्वासावर दिली आणि सात महिन्यांनी दंडाची पावती माझ्या नावावर आली, फार मनस्ताप झाला.

पन्हाळा_रोड
रंग नको हे पटलं, पण ब्रेक मात्र करून घ्या ताई. ट्रायल घ्यायला येणारा ती पहिल्यांदाच चालवणार, उतारावर काही झालं तर? सुट्टे भाग इंग्लंडमध्ये आजही नवे मिळतात, पाच लाखांवर गाड्या बनल्यात या. म्हणूनच सांगतो, नवी सीट कुणीही बसवेल, वह्या कुठनं आणणार? झेरॉक्स दाखवा, मूळ वह्या गाडीबरोबरच द्या.

राजारामपुरीची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल भावानं जॅक लावला. डावं दार नीट लागलं, उजवं खाली घासलं. आण्णा खुर्ची टाकून बघत बसले होते, मला वाटलं वाईट वाटेल त्यांना, पण त्यांनी वही मागवली आणि तारीख घालून लिहिलं, ‘उजवी सिल गेली.’ एजंटला नाही म्हणून कळवलंय. ब्रेक या आठवड्यात होतील, रविवारी शिरोलीचे एक जण बघायला येणार आहेत, त्यांना आधी उजवं दारच दाखवणार.