भर सिनेमातून उठून गेलात का कधी?

गेल्या रविवारी मी आणि माझी भाची पाऊण तासात सिनेमा सोडून बाहेर आलो. नाव मुद्दाम देत नाही. दिलं की हा धागा त्या नटाच्या चाहत्यांच्या ताब्यात जाईल.

भाची तेरा वर्षांची. सर्टिफिकेट बघून घेतलं होतं. २०२४ पासून यूएच्या ७+, १३+, १६+ अशा पायऱ्या झाल्यात, हा १३+ होता. म्हटलं, बसतंय. पोस्टरवर कुत्रा होता, म्हणून तर तिला जायचं होतं. मग कांदेपोह्यांचा प्रसंग आला. मुलगी ट्रे घेऊन बाहेर येते आणि लाइट गेले की काय म्हणून नायकाचा मित्र मोबाईलची बॅटरी लावतो. थिएटर हसलं. मग तेच पुन्हा, मग त्यावर गाणं. आमची भाची सावळी आहे, चांगली सावळी, माझ्या आईसारखी. पॉपकॉर्नच्या पुड्यात चाललेला तिचा हात बाहेर आला आणि तिनं तो मांडीखाली दाबून ठेवला. मी बघत होते. हात काही परत वर येईना.

"चल," म्हटलं.

रांगेच्या मधोमध बसलेल्यांनी उठायचं म्हणजे अकरा जणांचे गुडघे. जरा पाय घ्या, जरा पाय घ्या करत निघालो. एक काका अंधारातून आपुलकीनं म्हणाले, "लेडीज टॉयलेट डावीकडे आहे."

बाहेर आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मावशी, पण तो कुत्रा सापडतो का गं?"

मला काय माहीत!

तर तुमचे अनुभव लिहा. कंटाळा आला म्हणून उठलात ते नको, कंटाळ्यासाठी झोप आहे. काहीतरी लागलं म्हणून उठलात, किंवा उठायला हवं होतं आणि बसून राहिलात, तेही चालेल. सिनेमांची नावं नकोत.

रात्रपाळी
कडेची सीट घ्यायची. पंधरा वर्षं हेच करतोय.

ताकभात
माझा धाकटा भाऊ अडखळत बोलतो. कॉलेजात असताना आम्ही पाच-सहा जण एका विनोदी सिनेमाला गेलो. त्यात एक तोतरा. मागणी घालताना त्याचा शब्द पुरा होईपर्यंत समोरच्या मुलीचं लग्न होऊन कडेवर मूल येतं, अशा दर्जाचे विनोद. मागच्या रांगेतलं एक कार्टं प्रत्येक वाक्याची नक्कल करत होतं. आणि भाऊ हसत होता. नको इतका मोठ्यानं.

इंटरव्हलला समोसे आणतो म्हणून गेला तो आलाच नाही. शोधत गेलो तर पार्किंगमध्ये माझ्या गाडीवर बसलेला. म्हणाला, "काउंटरवर गेलो, पण स निघेना." आधी कधी 'स'ला अडकायचा नाही तो. 'ह'ला अडकायचा, 'प'ला अडकायचा. आम्ही तिथूनच घरी आलो.

अपंगांची टिंगल करणाऱ्या एका सिनेमाचं प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. जुलै २०२४ चा निकाल आहे, सरन्यायाधीश चंद्रचूडांच्या खंडपीठाचा. अपंगत्वाची हेटाळणी करणारा विनोद वेगळा आणि अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद वेगळा, असा फरक त्यात केलाय. भावाला बातमी पाठवली. त्यानं नुसता अंगठा पाठवला.

जुना बाजार
थोडं उलट बोलतो. एवढं मनाला लावून घ्यायचं तर बघायचं काय? आमची आजी नऊवारीतली, माळकरी. दादा कोंडक्यांचा सिनेमा लागला की पहिल्याच आठवड्यात स्टॉलमध्ये हजर. दादांचे लागोपाठ नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले ते आजीसारख्यांच्या जिवावर. पदर तोंडाला लावून डोळ्यात पाणी येईस्तोवर हसायची. हे अश्लील आहे असं तिला कुणी सांगितलं असतं, तर म्हणाली असती, भांगलणीच्या बायका काय बोलतात ते एकदा बांधावर बसून ऐक.

मावशीच (धागाकर्ती)
आजींना नमस्कार. पण चावट वेगळं आणि कुचकट वेगळं. चावटपणाला मीही हसते. दादांचे मी पाहिलेत तेवढ्या सिनेमांत बावळट दिसणारा गडीच शेवटी सगळ्यांना पुरून उरतो. आमच्या सिनेमातली ट्रेवाली मुलगी बिचारी एक शब्द बोलत नव्हती.

थोरले जावई
मी बसून राहिलेला.

लग्नानंतरचा पहिला पाडवा. सासऱ्यांनी नऊ तिकिटं काढली, सगळं घर एका रांगेत. 'घरच्यांसोबत बघण्यासारखा' सिनेमा. त्यात नवऱ्याला सोडून माहेरी आलेली बहीण म्हणजे घराला लागलेली कीड, आणि दर दहा मिनिटांनी तिच्यावर एक शेरा. माझी मेहुणी तेव्हा आठ महिने माहेरीच होती. माझ्यापासून तिसऱ्या खुर्चीवर.

ती उठली, पर्स घेतली, माझ्यासमोरून गेली. मी पाय घेतले. बस, एवढंच केलं मी. नवा जावई, शेजारी सासरे. म्हटलं, कुणीतरी जाईलच मागून. कुणीही गेलं नाही. इंटरव्हलला सासूबाई म्हणाल्या, "डोकं दुखत असेल तिचं." घरी आलो तर तिनं सगळ्यांसाठी खिचडी टाकून ठेवलेली, पापड तळलेले.

बारा वर्षं झाली. आमचं छान जमतं, पण तो विषय मी कधी काढलेला नाही. वरचं "पाय घ्या" वाचलं आणि लिहायला बसलो.

गुळपोळी
आम्ही उठलो नाही, पण सांगते. हिंदी सिनेमातली कामवाली मराठीच असते हे तर ठरलेलंच. तसलीच एक, नथ, चापूनचोपून नऊवारी, मोडकंतोडकं हिंदी, आणि मालकिणीच्या साड्या चोरणारी. माझी आई चार घरची धुणीभांडी करायची. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते, कानकोंडी झाले होते अगदी. तर ही पुढे वाकून, डोळे बारीक करून म्हणाली, "एवढी इस्त्रीची नऊवारी नेसून फरशी कोण पुसतं गं? ओचा भिजला नसता तिचा?" पुढच्या रांगेतले दोघं वळून हसले. त्यानंतर मला सिनेमात त्या बाईचा ओचाच दिसत राहिला.

अर्धा चहा
न्यू जर्सीतून. ऑफिसच्या लोकांबरोबर गेले होते. सिनेमात दुकानदार देसी, मान हलवतोय, त्याचे उच्चार हाच विनोद. प्रत्येक वेळी माझे सहकारी आधी चोरून माझ्याकडे बघायचे. हसायची परवानगी माझ्याकडून हवी होती त्यांना! तिसऱ्या खेपेला उठले. काउंटरवरचा मुलगाही देसीच निघाला. "स्क्रीन चार का?" म्हणाला, आणि तिकीट न बघताच दुसऱ्या शोचा पास दिला.

रात्रपाळी
जावईबुवा, मेहुणीला विचारा एकदा. खिचडीचं निमित्त काढा.

सोलापुरी चादर
धागाकर्तीताई, सिनेमा कोणता ते ओळखलं. मी शेवटपर्यंत बसलो होतो. बॅटरीला हसलोही होतो, खोटं कशाला बोलू? भाचीला सांगा, कुत्रा सापडतो. अगदी शेवटच्या पाच मिनिटांत. त्या ट्रेवाल्या मुलीच्याच घरी असतो.