केबल सोडून डिश घेतली: २०१९ च्या दरवाढीनंतरचे आपले अनुभव

ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेची टीव्ही वाहिन्यांसाठीची नवी दरप्रणाली १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत आमच्या इमारतीतील बऱ्याच घरांनी केबल काढून गच्चीवर डिश बसवली. त्या निर्णयाचा जमाखर्च आता शांतपणे मांडता येईल असे वाटते, म्हणून सुरुवात मी करते. इतरांनीही आपापल्या गावचा अनुभव लिहावा, अशी विनंती आहे. केवळ 'स्वस्त पडले' किंवा 'महाग पडले' एवढेच न लिहिता पैसे नेमके कशात वाढले वा वाचले आणि डिश आल्याने घरात काय बदलले, हेही कृपया सांगावे.

डोंबिवली

आमच्याकडे केबलवाल्यांचा मुलगा दर महिन्याला पावतीपुस्तक घेऊन येत असे आणि अडीचशे रुपयांत असतील नसतील तेवढ्या वाहिन्या दिसत. नव्या नियमाने पहिल्या १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये नेटवर्क शुल्क, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याचे भाडे, आले. १८ टक्के जीएसटी धरून ते १५३ रुपये ४० पैसे होते, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्यावर वेगळे. झी मराठीची किंमत तेव्हा महिना १९ रुपये होती, म्हणजे करासह साडेबावीसच्या घरात. केबलवाल्यांनी सुचवलेल्या तयार पॅकचे बिल चारशेच्या वर गेले, कारण सासूबाईंच्या मालिका आणि यजमानांचे क्रिकेट यांच्याबरोबर आमच्या घरात कोणीही कधी न लावलेल्या कितीतरी वाहिन्या त्यात होत्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांत तिच्याबद्दल फार गैरसमज होता. वाहिनीची कमाल किंमत वाहिनीवालेच जाहीर करतात आणि ती केबलला व डिशला एकच असते. नेटवर्क शुल्काची मर्यादाही दोघांना तीच होती. त्यामुळे नुसती केबल सोडल्याने दर उतरत नव्हता. आमचे बिल २६० च्या आसपास आले ते सुट्या वाहिन्या आम्हांला स्वतः निवडता आल्या म्हणून. रात्री जेवणे झाल्यावर सासूबाईंना शेजारी बसवून मी मोबाइलवर एकेक वाहिनी ठेवत आणि काढत गेले. एखादी मालिका संपली की ती वाहिनी आम्ही बंद करतो आणि स्पर्धा सुरू झाली की क्रीडावाहिनी घेतो. हा अधिकार केबलच्या ग्राहकालाही नियमाने होताच, पण आम्ही अर्ज भरून दिल्यानंतरही जुनाच पॅक चालू राहिला आणि विचारायला गेल्यावर 'वरून होत नाही' एवढेच उत्तर मिळाले. आम्ही केबल सोडली ती त्या उत्तरामुळे.

लांजा तालुका, रत्नागिरी

आमच्याकडे पैशांपेक्षा पावसाचा हिशेब मोठा आहे. घरगुती डिश केयू बँडवर, म्हणजे आखूड लांबीच्या लहरींवर, चालते आणि या लहरी मुसळधार सरीत पाण्याच्या थेंबांतच शोषल्या जातात. आषाढात ढग दाटून आले की पडद्यावर चौकोन दिसू लागतात आणि मग 'सिग्नल उपलब्ध नाही' ही पाटी येते. केबलवाल्यांच्या कंट्रोल रूमवरच्या मोठ्या छत्र्या सी बँडच्या, म्हणजे जास्त लांबीच्या लहरींच्या, असतात, त्यांना पावसाचा त्रास फारच कमी होतो. म्हणून केबल असताना पावसात चित्र जात नसे, असे कोणी म्हणेल, तर तसेही नव्हते. आमच्या वाडीपर्यंत येणारी केबल विजेच्या खांबांवरून आणि फणसाच्या फांद्यांतून आलेली होती, वाटेतल्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज लागे आणि कोकणात पावसाळ्यात वीज किती वेळ असते, हे येथे सर्वांना माहीत आहे. आता घरच्या इन्व्हर्टरवर टीव्ही आणि बॉक्स दोन्ही चालतात, त्यामुळे वीज गेली तरी सर ओसरल्याबरोबर चित्र परत येते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात केबलची तार जमीनदोस्त झाली आणि ती पुन्हा ओढून होईपर्यंत ज्यांच्याकडे केबल होती, त्यांचे टीव्ही बंदच राहिले.

कोकणात डिश घेणाऱ्यांनी जागा मात्र नीट पाहावी. आपल्याकडून उपग्रह दक्षिण आणि पूर्व या दिशांच्या मधोमध, बऱ्यापैकी उंचावर असतो, आणि पावसाळी वारा नैऋत्येकडून येऊन छत्रीला कडेने धक्का देतो. पत्र्याच्या छपरावर बसवलेली छत्री हळूहळू सरकते; आम्ही ती चिऱ्याच्या गडग्यावर काँक्रीट ओतून पक्की केली. बसवताना समोरची माडाची रोपे लहान होती, ती वाढल्यावर झावळ्या आड येऊ लागल्या आणि छत्री दुसऱ्या कोपऱ्यात न्यावी लागली. वायरच्या टोकाचा पितळी कनेक्टर दरवर्षी मिरगाच्या आधी उघडून बघावा; आत हिरवट गंज दिसला तर टोक कापून नवा कनेक्टर लावावा आणि त्यावर रबरी टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे पाणी पदरांत न शिरता ओघळून जाते. आमच्या पावसाळी तक्रारींतील निम्म्या एवढ्यानेच संपल्या.

पुणे, गृहनिर्माण संस्थेची चिटणीस या नात्याने

वरच्या दोन्ही अनुभवांत गच्चीचा प्रश्न आलेला नाही. ज्यांच्या सदनिका उत्तराभिमुख आहेत, त्यांना खिडकीतून उपग्रह मिळतच नाही, म्हणून सगळे गच्चीवर येतात. २०१९ च्या उन्हाळ्यात कंपन्यांच्या माणसांनी कठड्याला आणि गच्चीच्या फरशीला ड्रिलने भोके पाडली, वॉटरप्रूफिंग फुटले आणि पावसाळ्यात वरच्या मजल्यावरील एका ज्येष्ठ सभासदांच्या छताला ओल आली. शेवटी आम्ही पाण्याच्या टाकीजवळ लोखंडी अँगलचा सांगाडा उभारला, सर्व छत्र्या त्यावर घेतल्या आणि वायरी डक्टमधून खाली सोडल्या. एकाच कंपनीचे ग्राहक असतील तर चार तोंडांचा एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल झेलणारा भाग) लावून एका छत्रीवर चार घरे चालतात. गच्ची निम्मी मोकळी झाली ती यामुळे.

बडोदे

आमच्या केबलवर मराठी वाहिन्या मोजक्याच होत्या आणि त्यांपैकी कोणती कधी बंद होईल याचा नेम नसे. डिशवर महाराष्ट्रात जे दिसते ते सर्व येथेही दिसते. आईसाठी आम्ही एवढ्याच कारणाने बदल केला. पैसे थोडे वाढले.

कराड

माझ्या वडिलांनी नव्वदच्या दशकात केबलचा व्यवसाय सुरू केला आणि आजही तो आम्ही चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. दरवाढीचा सगळा राग दारात येणाऱ्या माणसावर निघाला. पण नेटवर्क शुल्काची वाटणी वेगळा करार नसेल तर आम्हांला वाहिन्या पुरवणाऱ्या मुख्य कंपनीला ५५ आणि आम्हांला ४५ टक्के अशी नियमाने ठरली होती, आणि वाहिन्यांच्या किमती ठरवण्यात आमचा काहीच वाटा नव्हता. डोंबिवलीच्या ताईंनी लिहिलेली अडचण खरी आहे. पहिल्या काही आठवड्यांत मुख्य कंपनीच्या संगणकावर आमच्या नोंदी चढतच नव्हत्या आणि ट्रायनेही निवडीची मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवली होती.

पूर्वी उसाचे बिल जमा होईपर्यंत आम्ही शेतकरी घरांचे पैसे थांबवून धरत असू. आता आधी रिचार्ज आणि मग चित्र, हे केबललाही लागू झाले आणि आमच्याकडून ती सवलत देणे थांबले. त्यानंतर गिऱ्हाइकाला आमच्यात आणि डिशमध्ये फरक तो काय वाटणार? तरीही एक फरक उरतो. आमच्या स्थानिक वाहिनीवर नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या सूचना, निधनवार्ता, शाळांची स्नेहसंमेलने आणि गणपती विसर्जनाची मिरवणूक दिसते. कृष्णेला पूर आल्यावर पाणी कोठवर आले, हे आम्ही कॅमेरा घेऊन जाऊन दाखवतो. डिश घेतलेली कित्येक घरे त्या दिवसांत शेजारच्या घरी टीव्ही पाहायला बसतात, आणि त्यांतल्या काहींनी फक्त या वाहिनीसाठी आमची जोडणी परत घेतली आहे.

जालना जिल्हा

गावात केबल दीडशे रुपयांत होती. ती तीनशेच्या पुढे गेल्यावर आम्ही दूरदर्शनची फ्री डिश घेतली. दीड हजाराच्या आसपास एकदाच खर्च आला आणि त्यानंतर महिन्याचे काही द्यावे लागत नाही. सह्याद्री आणि डीडी किसान वडील रोज पाहतात. त्याच वर्षी मार्चमध्ये झी अनमोल, स्टार उत्सव अशा वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या गेल्या आणि घरातील बायका फार हिरमुसल्या. खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होत असतो, त्यामुळे आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच, असे धरून चालू नये. कोरडवाहू शेती असलेल्या घराला मात्र यापेक्षा परवडणारी सोय मला दिसत नाही.

ठाणे

आम्ही डिशवरून पुन्हा केबलवर आलो. घरात दोन टीव्ही आहेत आणि २०१९ मध्ये दुसऱ्या टीव्हीलाही जवळजवळ पूर्ण शुल्क लागत होते. २०२० च्या दुरुस्तीने ते ४० टक्क्यांपर्यंत खाली आले, पण तोवर आमच्या केबलवाल्यांनी फायबर इंटरनेट आणि दोन्ही टीव्ही मिळून एकच बिल देऊ केले आणि ते आम्हांला स्वस्त पडले. डिशचा बॉक्स दुसऱ्या कोणत्याही कंपनीकडे चालत नसल्यामुळे कपाटात पडून आहे. कोणताही बॉक्स कोठेही चालावा, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली होती. ती अमलात आली असती तर बदल करताना होणारा सर्वांत मोठा भुर्दंड टळला असता.

डोंबिवलीच्या ताईंना एक विचारायचे आहे. जुलै २०२४ मध्ये नेटवर्क शुल्कावरची मर्यादा काढून टाकण्यात आली. त्यानंतर आपल्या डिशच्या बिलात ते शुल्क वेगळे दाखवले जाते का, आणि ते वाढले का? आमच्या केबलच्या बिलावर आता सगळे मिळून एकच आकडा येतो.