लॅपटॉप चोरीला गेला तेव्हा... तुमचे अनुभव

केवडा: काल माळा आवरताना जुना चार्जर सापडला आणि पोटात कालवलं. तो ज्या लॅपटॉपचा, तो 2018 मध्ये चोरीला गेला. रेल्वेगाडीत, मनमाडच्या आसपास, पहाटे. उशाशी बॅग होती, जरा डोळा लागला तेवढ्यात. लोहमार्ग पोलिसांत तक्रार केली, खोक्यावरचा सीरियल नंबर दिला. चौदा महिन्यांनी फोन, मुद्देमाल मिळालाय, ओळखायला या. मग कोर्टात अर्ज, बंधपत्र. खाकी कागदात गुंडाळलेला, दोऱ्यावर लाखेचं सील, लेबलवर गुन्हा नंबर. घरी आणून चालू केला तर कोरा. विंडोज नव्याने टाकलेलं. आजीच्या आवाजातल्या साठेक ओव्या होत्या त्यात. आजी तोवर गेली होती. मावशीच्या पेनड्राइव्हवर सात होत्या, त्या राहिल्या. तुमचं काय झालं, लिहा.

रानवाट: वाचून गलबलून आलं गं.

भुसावळकर: गाडीतच टीटीई (तिकीट तपासनीस) किंवा गार्डकडे एफआयआरचा फॉर्म मिळतो. भरून द्यायचा, मध्येच उतरावं लागत नाही. 139 या रेल्वेच्या हेल्पलाइनला पण लगेच कळवा. माझा मिळाला नाही अजून.

ताळेबंद: आमच्या सीए ऑफिसचा गेला, ऐन जुलैत. अशिलांचे पॅन, बँकेचे कागद सगळं त्यात. पण सरांनी बिटलॉकर लावलेलं, म्हणजे विंडोजचं अख्खी डिस्क कुलूपबंद करणारं, आणि ते उघडायची 48 आकडी रिकव्हरी की छापून कपाटात. नुसत्या विंडोजच्या पासवर्डवर कुणी विसंबू नका. बिटलॉकर नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की सगळं वाचता येतं. आम्ही त्याच दिवशी दुसऱ्या मशीनवरून मेलचे पासवर्ड बदलले, सगळीकडून लॉगआउट केलं. तरी सर रात्रभर झोपले नव्हते.

निरंजनी: संचार साथी या सरकारी पोर्टलवर लॅपटॉप ब्लॉक होतो का? भावाचा परवाच गेलाय

ताळेबंद: नाही ताई, ते मोबाईलचं, आयएमईआयवर म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकावर चालतं. लॅपटॉपला सहसा आयएमईआय नसतो. बिल आणि सीरियल नंबर घेऊन चौकीत जा. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, तो हद्द नसली तरी नोंदवून द्यावाच लागतो. लॅपटॉप कुठे आहे ते दाखवणारं फाइंड माय डिव्हाइस आधीपासून चालू असेल तर तेही बघा.

निरंजनी: खोकं टाकून दिलं हो. बिल मेलमध्ये शोधते

भुसावळकर: बिलावर बहुतेक सीरियल नंबर असतो, बघा.

रानवाट: केवडा, आजी कुठल्या? आमची मुळशीची. पारी म्हणून ग्रामीण भारताची वेबसाइट आहे, तिच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात लाखाहून जास्त ओव्या आहेत, गावांच्या नावानिशी. तुझ्या आजीच्या गावच्या असतील कदाचित.

केवडा: भोरची. बघते नक्की. पण तिचा आवाज गं... पाचव्या ओवीत मध्येच खोकते आणि म्हणते, "बंद कर ते, कढी उतू जाईल." तेवढं रोज ऐकते.

रानवाट: ते आत्ताच्या आत्ता मला पाठव, माझ्याकडेही ठेवते. पाणी आलंय, रात्री बोलू.