घर सोडताना रंगकामाचे पैसे अनामतीतून कापता येतात का?

कोथरूडची भाडेकरू:
अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार करून आम्ही एका सदनिकेत 33 महिने राहिलो आणि गेल्या रविवारी किल्ल्या परत दिल्या. 75,000 रुपये अनामतीतून घरमालकांनी रंगकामाचे 28,000, साफसफाईचे 4,000 आणि फुटलेल्या फरशीचे 1,500 रुपये कापून घेतले. फरशी माझ्या हातून वरवंटा पडून फुटली, हे मान्य आहे. मात्र भिंतींवर कॅलेंडरच्या खिळ्यांची भोके आणि कपाटाच्या पाठीचा डाग याखेरीज काही नाही. शयनगृहातले पोपडे बाहेरच्या ओलीने सुटले आहेत आणि ती ओल मी पहिल्याच पावसाळ्यात फोटोसह कळवली होती. हे पैसे कापणे योग्य आहे का?

जुना वकील:
ताई, प्रथम करार काढून वाचा. लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहण्याचा परवाना देणाऱ्या कराराच्या, ऑनलाइन नोंदणीच्या ठरावीक मसुद्यात, परवानाधारकाने (म्हणजे राहणाऱ्याने) केलेले नुकसान त्याने भरून द्यावे, परंतु नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळावी, अशा अर्थाचे कलम असते. आपल्या करारात ते असेल आणि रंगकामाची वेगळी अट नसेल, तर तीन वर्षांत विटलेला रंग ही झीजच ठरते आणि ओलीचे पोपडे तर आपल्या माथी मारताच येत नाहीत. रंगकामाची ठरावीक रक्कम करारात लिहिली असली, तरी भारतीय करार कायद्याच्या कलम 74 नुसार तो आकडा ही कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी भरपाई तेवढी मागता येते. करार नोंदवलेलाच नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत आपले म्हणणे ग्राह्य धरले जाते, कारण नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टातही भिंतींची सफेदी घरमालकाकडे आणि नळाचे वॉशर, स्विच, कड्या-कुलुपे भाडेकरूकडे दिली आहेत. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण बोलणी करताना दाखला म्हणून उपयोगी पडतो.

एक घरमालक:
दुसरी बाजूही सांगतो. माझ्या एका भाडेकरूने ओट्याशेजारची चिमणी कधी पुसलीच नाही. तिच्यावरचा तेलाचा थर कालथ्याने खरवडावा लागला आणि त्याचे पैसे मी कापले. साफसफाईचा खर्च सरसकट चुकीचा नसतो, मात्र पावती दाखवायला हवी. थकलेले वीजबिल आणि नोटीस न देता घर सोडल्यास त्या काळाचे भाडे या कपातीही रास्त आहेत. फरशीचे 1,500 रुपये आपण सोडून द्यावेत.

जुना वकील:
सहमत. रंगकाम आणि साफसफाईच्या पावत्या लेखी मागा, ओल कळवल्याचा संदेश जोडा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. उत्तर न आल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व तडजोडीसाठी अर्ज करता येतो. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते.

कोथरूडची भाडेकरू:
करार पाहिला. झीज वगळण्याचे कलम आहे, रंगकामाचा उल्लेख नाही. पत्र आज स्पीड पोस्टाने पाठवते; त्यात फरशीचे पैसे मान्य असल्याचे पहिल्याच ओळीत लिहिले आहे.